मोठा आवाज झाला म्हणजे बार चांगला बसला असं नाही

२ ऑक्टोबर २०२२ ला रात्री एकच्या सुमारास पुण्यात चांदणी चौकातला जुना पूल सुरुंग लावून उडवला. तेराशेच्या आसपास भोकांत मिळून सुमारे सहाशे किलो स्फोटकं भरली होती. धूळ खाली बसली तेव्हा काँक्रीटच्या ठिकऱ्या उडालेल्या दिसत होत्या, पण पूल पुरता खाली आलेला नव्हता. राहिलेलं काम पोकलेननी केलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे थट्टा सुरू झाली. महिन्याभरापूर्वी नोएडाचे जुळे टॉवर नऊ-दहा सेकंदांत जमीनदोस्त करणारी हीच मुंबईची एडिफिस कंपनी, आणि तिला एवढासा पूल पाडता येऊ नये?

थट्टा करणाऱ्यांना तरी काय बोलणार? सुरुंग म्हटलं की डोळ्यापुढे धडाका येतो, आणि दारू जास्त तितकं काम जास्त असा आपला सरळ हिशोब असतो. ब्लास्टरचा, म्हणजे सुरुंग लावणाऱ्या जाणकाराचा, हिशोब वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. दगडाला सुटायला वाट आहे का आणि त्या वाटेने जायला त्याला वेळ मिळतोय का, हे तो आधी बघतो. दारू किती लागेल हे त्यानंतर ठरतं. हा हिशोब एकदा कळला की पडलेला टॉवर, न पडलेला पूल आणि खाणीजवळच्या गावातल्या घराची तडकलेली भिंत, या सगळ्यांचा अर्थ लागायला लागतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दगड फुटतो कसा

भोकात भरलेलं स्फोटक उडालं की दोन गोष्टी घडतात, एकीपाठोपाठ एक, पापणी लवायच्या आत. पहिली म्हणजे धक्क्याची लाट. आजच्या इमल्शन स्फोटकात स्फोट सेकंदाला चार-पाच हजार मीटर वेगाने पुढे सरकतो. भोकालगतच्या थोड्या दगडाचा त्या दाबाने भुगा होतो आणि लाट दगडातून पुढे निघते. दगड दाबाला भक्कम असतो, पण ताणाला कच्चा. काळा पाषाण जेवढा दाब सोसतो त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही ताण त्याला सोसत नाही. लाट दगडाच्या उघड्या बाजूपर्यंत पोचली की पुढे दगड संपून हवा लागते. तिथून ती उलटी फिरते, आणि फिरताना दाबाचा ताण होतो. दगडाला भेगा जातात त्या तिथे.

दुसरी गोष्ट वायूची. स्फोटातून निघालेला तापलेला वायू या भेगांत शिरतो, त्या रुंदावतो आणि सुटलेला दगड उघड्या बाजूकडे ढकलतो. ढीग पडतो तो या वायूमुळे.

आता ती उघडी बाजूच नाही असं समजा. चारही अंगांनी अखंड खडक आणि मधे एक खोल भोक. लाट लांब निघून जाते, वायूला शिरायला जागा नसते, तो भोकाच्या तोंडातून वर सुटतो. आवाज कानठळ्या बसवणारा होतो, जमीन हादरते, आणि दगड जागच्या जागी राहतो. या उघड्या बाजूला खाणीत फ्री फेस म्हणतात आणि ब्लास्टरची नजर सगळ्यात आधी तिच्यावर जाते. विहिरीवर काम करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. विहिरीच्या तळाला वरची एकच बाजू मोकळी असते, म्हणून आधी मधली तिरपी भोकं उडवून खड्डा करायचा आणि मग कडेचा दगड त्या खड्ड्यात सोडायचा. बोगद्यातही रीत हीच.

मुंबई-पुणे रेल्वेचे भोर घाटातले पंचवीस बोगदे या संदर्भात आठवतात. घाटाचा तो मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि नोबेलचं डायनामाइटचं पेटंट आहे १८६७ चं. म्हणजे तो सगळा काळा पाषाण साध्या काळ्या दारूवर फोडला. काळी दारू भुर्रकन जळते, वायूचा रेटा देते, पण तिच्यात धक्क्याची ती जबर लाट नसते. भोकं माणसांनी पहारीवर घण घालून पाडलेली. त्या घाटातून जाताना हे मनात आलं की मी खिडकीतून बाहेर बघत राहतो.

अंतर आणि ठासणी

फ्री फेसपासून भोकांच्या पहिल्या रांगेपर्यंतच्या दगडाला बर्डन म्हणतात. ब्लास्टरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा. १६० मिलिमीटर व्यासाच्या भोकाला तो साधारण चार-पाच मीटर असतो, दगडाच्या जातीप्रमाणे कमीजास्त. बर्डन फार ठेवलं तर दगड हलत नाही, सगळी ताकद हादऱ्यात जाते. फार कमी ठेवलं तर दगड गोळीसारखे सुटतात. या उडणाऱ्या दगडांना फ्लायरॉक म्हणतात, आणि उघड्या खाणींतल्या ब्लास्टिंगच्या अपघातांत माणसं दगावण्याचं हे एक मोठं कारण आहे.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात खाणीचा कडा वरून सरळ दिसला तरी मधे कुठेतरी आधीच्या बारने पोखरलेला असतो, नाहीतर पायथ्याशी पोट सुटल्यासारखा पुढे आलेला असतो. वर फूटपट्टी लावून चार मीटर भरले तरी खाली दोनच उरले असतील तर तिथून दगड सुटणार. म्हणून चांगला ब्लास्टर भोकं भरायच्या आधी खाली उतरून कडा समोरून बघतो. आपल्या दख्खनच्या दगडात आणखी एक भानगड असते. बेसाल्टच्या दोन थरांच्या मधे कधी कधी तांबड्या मातीचा मऊ पट्टा येतो. स्फोटकाची ताकद घट्ट दगड सोडून त्या पट्ट्यातून निसटते. ड्रिल मशीनवरच्या माणसाला हा पट्टा आधी कळतो, कारण दांडा एकदम झरकन खाली जातो आणि वर येणाऱ्या धुळीचा रंग बदलतो. ड्रिलवाल्याने ही गोष्ट ब्लास्टरला सांगितली नाही तर पुढची सगळी आकडेमोड फुकट.

भोक वरपर्यंत स्फोटकाने भरायचं नसतं. वरचा काही मीटर भाग खडीने ठासून बंद करतात, त्याला स्टेमिंग म्हणतात. ठासायचा दांडा लाकडाचा असतो, लोखंडाचा कधीच नाही. एका दगडखाणीत हे काम जवळून बघत होतो. हाताखालचा पोरगा भोकाशेजारची ड्रिलिंगची भुकटी फावड्याने आत लोटत होता. ब्लास्टरने त्याला थांबवलं.

"ही नको रे. चिप आण, कोनवाली."

"मामा, भोक तर भरतंयच की."

"भरतंय, पण धरणार नाही."

मग त्याने मूठभर खडी हातात घेऊन दाबून दाखवली. कोन असलेले तुकडे दाब आला की एकमेकांत अडकतात आणि बूच घट्ट बसतं. भुकटी मात्र वायूबरोबर उडून जाते. ते बूच क्षणाचा काही भाग टिकलं तरी पुरतं, तेवढ्यात वायू दगडात आपलं काम करून घेतो. बूच आधीच उडालं तर ताकद आकाशात जाते आणि गावाला ऐकू येतो तो धडाका. जाणता ब्लास्टर मोठ्या आवाजाने खूश होत नाही. धप्प असा दबका आवाज, कडा जागेवर फुगून पुढे झुकल्यासारखा होणं आणि मशीनला उचलता येईल अशा आकाराचा ढीग, हे त्याला हवं असतं.

मिलिसेकंदांचा खेळ

समजा एका बारात शंभर भोकं आहेत. ती सगळी एकदम उडवली तर मागच्या रांगेतल्या दगडाला जायला जागाच नसते, कारण पुढचा दगड अजून हललेला नाही. एसटी थांब्यावर आली की दाराजवळचे आधी उतरतात, मग मागच्यांना पुढे सरकता येतं. सगळे एकदम उठले तर नुसती रेटारेटी होते आणि उतरत कोणीच नाही. ब्लास्टर दगडाला असंच ओळीने उतरवतो. पुढची रांग आधी, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक रांग सुटताना मागच्या रांगेसाठी नवा फ्री फेस तयार करून जाते.

दोन भोकांमधला हा वेळ मिलिसेकंदांत असतो. बाजारात १७, २५, ४२ मिलिसेकंदांचे डिले मिळतात. कानाला अख्खा बार एकच वाटतो, पण तो शेकडो छोट्या स्फोटांची ओळ असते. हादरा कमी ठेवायची किल्लीही इथेच आहे. लांबच्या घराला बसणारा हादरा बारातल्या एकूण स्फोटकावर तितका अवलंबून नसतो, एका क्षणाला किती किलो उडतं यावर जास्त असतो. आठ मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतराने उडालेली भोकं वेगळी धरायची, असा या धंद्यातला जुना संकेत आहे. त्यामुळे कित्येक टनांचा बार नीट तोडून लावला तर गावाला कमी जाणवतो, आणि थोडक्या किलोंचा बार एकदम उडवला तर कपाटातली भांडी वाजतात.

हे वेळेचं गणित जमलं ते डिटोनेटर, म्हणजे भोकातल्या स्फोटकाला उडवणारी छोटी नळी, सुधारल्यामुळे. पूर्वी वात पेटवून पळायचे, मग विजेचे डिटोनेटर आले. त्यांना वीज चमकली किंवा कुठून भटका प्रवाह आला तरी उडायची भीती. आता बहुतेक ठिकाणी शॉक ट्यूब असते. प्लॅस्टिकची बारीक नळी, आतल्या भिंतीला स्फोटकाचा अतिशय पातळ थर, आणि त्यातून ठिणगी सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने धावते. स्फोट आतल्या आत होतो, नळी फुटत नाही. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमध्ये तर छोटी चिप बसवलेली असते आणि प्रत्येक भोकाची वेळ मिलिसेकंदापर्यंत ठरवून देता येते.

टॉवर पडला, पूल का नाही पडला

आता नोएडाकडे वळू. २८ ऑगस्ट २०२२ ला दुपारी अडीच वाजता ते दोन टॉवर पाडले. नऊ हजारांहून अधिक भोकं आणि सुमारे ३,७०० किलो स्फोटकं. मलबा निघाला ऐंशी हजार टनांच्या आसपास. एवढ्या मलब्यापुढे पावणेचार टन स्फोटक म्हणजे काहीच नाही. इमारत स्फोटकाने पाडलीच नव्हती. स्फोटकाने ठरावीक मजल्यांवरच्या खांबांचं काँक्रीट फोडलं, ठरलेल्या क्रमाने, आणि पुढचं काम इमारतीच्या स्वतःच्या वजनाने केलं. काँक्रीट गेल्यावर उघड्या पडलेल्या सळ्या वरचा शेकडो टनांचा भार पेलू शकत नाहीत, त्या वाकतात. शंभर मीटर उंचीवरून येणारा मजला खालच्या मजल्यावर आदळतो आणि उरलंसुरलं सगळं मोडतो. शेजारची वस्ती अगदी जवळ, काही इमारती तर नऊ-दहा मीटरवर. तरी नुकसान झालं ते मुख्यतः एका सोसायटीच्या कुंपणभिंतीचं आणि काही काचांचं. खांबांना जाळी आणि जाड कापड गुंडाळलं होतं, आणि पडायचा क्रमही इमारती मोकळ्या बाजूकडे झुकतील असा लावला होता.

चांदणी चौकातल्या पुलाला हे सगळं नव्हतं. उंची थोडी, वरून दाबणारं वजन थोडं, आणि आत लोखंड भरपूर. स्फोटकाची लाट काँक्रीट फोडते, कारण काँक्रीट दगडासारखंच ताणाला कच्चं आहे. लोखंडाचं तसं नाही. पोलादी सळई ताण सोसण्यासाठीच घातलेली असते, लाट तिच्याभोवतीचं काँक्रीट झाडून टाकते आणि सळई तशीच राहते. पुलातलं लोखंड अपेक्षेपेक्षा जास्त भक्कम निघालं, असं कंपनीच्या तंत्रज्ञांनी तेव्हा सांगितलं होतं. काँक्रीट फुटलं, सळ्यांच्या जाळ्याने सांगाडा धरून ठेवला. स्फोटक आणखी घालता आलं असतं, पण भर वस्तीत आणि महामार्गावर त्याचे दगड कुठवर गेले असते याचाही विचार करावा लागतो. माझ्या मते थोडं कमी उडवून उरलेलं मशीनने काढणं हीच बरी चूक.

खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल याच्या उलट. १८३० चं दगडी बांधकाम, आत सळई नाही. ५ एप्रिल २०२० ला लॉकडाऊनमध्ये एक्स्प्रेस वे रिकामा असताना तो सुरुंगांनी पाडला. दगडी कमानी एकमेकांच्या दाबावर उभ्या असतात. आधार सुटला की त्यांना धरून ठेवायला काहीच नसतं.

हे काम करणारा माणूस

हे काम कोणीही करू शकत नाही, आणि तसं ते असूही नये. खाणीत बार उडवायला डीजीएमएस, म्हणजे धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. स्फोटकांची साठवण, वाहतूक आणि परवाने १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ च्या नियमांप्रमाणे पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना ही केंद्र सरकारची संस्था, बघते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉइल यांची मुख्यालयंही तिथलीच, आणि तिथल्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत खाणकामाची पदवी मिळते. या धंद्यात शिरू पाहणाऱ्या विदर्भातल्या मुलांना हे सगळं दाराशी आहे.

नियमांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याचा पगार निघालेल्या मालावर ठरतो, त्याला ब्लास्टर नेमता येत नाही. किती टन दगड पाडला यावर ज्याची कमाई, तो घाई करणार आणि एखादी शंका गिळून टाकणार, हे नियम करणाऱ्यांनी ओळखलं होतं. "आज बार होणार नाही" असं म्हणायची मोकळीक त्याच्या पगारातच ठेवली आहे. ज्या छोट्या खाणींत आणि विहिरींच्या कामांवर ठेकेदार ब्लास्टिंगचे पैसे ब्रासवर किंवा फुटावर ठरवतात, तिथे ही मोकळीक उरत नाही, आणि त्याची किंमत बहुधा सगळ्यात गरीब मजुराला मोजावी लागते.

ब्लास्टरच्या दिवसातला प्रत्यक्ष स्फोट काही क्षणांचा. बाकी दिवस मोजण्यात जातो. मॅगझिनमधून, म्हणजे स्फोटकांच्या कोठारातून, स्फोटकाच्या किती कांड्या आणि किती डिटोनेटर काढले, किती वापरले, किती परत केले, सगळं वहीत. डिटोनेटर आणि स्फोटक एकत्र न्यायचं नाही. भोकं भरून जोडणी झाली की ती चालत जाऊन पुन्हा तपासायची. उघड्या कोळसा खाणीत पाचशे मीटरचा परिसर धोक्याचा धरतात, तो रिकामा करायचा, वाटांवर लाल झेंडे घेऊन माणसं उभी करायची, भोंगा द्यायचा. एखादा गुराखी बैलांसह आत राहिलेला दिसला तर सगळं थांबतं, मग वेळ कितीही झाली तरी.

बार झाला की लगेच कोणी पुढे जात नाही. धूर आधी निवू द्यायचा. तो नारिंगी-पिवळा निघाला तर ब्लास्टरचा चेहरा बदलतो. तो विषारी वायू असतो, आणि भोकात पाणी शिरलं किंवा स्फोटक नीट जळलं नाही याची ती खूण. मग तो एकटा किंवा एखाद्या जाणत्या माणसाबरोबर ढिगावर जाऊन न उडालेला बार शोधतो. लोंबणारी नळी, ढिगात अर्धवट पुरलेली कांडी, न हललेला कोपरा. असा मिसफायर सापडला की तिथे बाकी कोणाला फिरकू देत नाहीत, आणि तो निपटल्याशिवाय काम पुढे जात नाही. आधीच्या बाराच्या भोकाचा तळाशी उरलेला भाग, ज्याला सॉकेट म्हणतात, त्यात पुन्हा ड्रिल लावायला सक्त मनाई आहे. आयतं भोक दिसतं, मेहनत वाचते, पण आत थोडं स्फोटक उरलेलं असलं तर ड्रिल धरलेला माणूस जातो. खाणीच्या आसपास राहणाऱ्यांनी पोरांना हे जरूर सांगावं: रंगीत वायर किंवा धातूची छोटी नळी सापडली तर हात लावायचा नाही, ओढायची नाही, घरी आणायची नाही. बोटाएवढा डिटोनेटर पोराची बोटं आणि डोळे घेऊन जातो.

खाणीजवळ राहणाऱ्यांसाठी

हादरा मोजायचं एकक आहे मिलिमीटर प्रति सेकंद, म्हणजे जमीन किती वेगाने हलली. डीजीएमएसच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणीच्या मालकीची नसलेल्या घरांपाशी ही मर्यादा कंपनांच्या वारंवारतेवर ठरते, म्हणजे जमीन सेकंदाला किती वेळा मागेपुढे हलते यावर, आणि ते हर्ट्झमध्ये मोजतात. आठ हर्ट्झच्या खाली ५, आठ ते पंचवीस हर्ट्झला १०, त्याच्या वर १५. जुन्या वास्तूंना मर्यादा आणखी कडक, ती २ पासून सुरू होते. सावकाश हलणारी कंपनं घरांना जास्त बाधतात म्हणून त्यांची मर्यादा कमी. माणसाला मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासही हादरा जाणवतो. त्यामुळे घर हललं असं वाटणं खरं असतं, आणि तेवढ्याने भिंतीला धोका नसणं हेही खरं असू शकतं. खिडक्या खडखडतात त्या बहुधा हवेतून आलेल्या दाबाने. थंडीच्या सकाळी जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असली की हा आवाज वर न जाता गावाकडे वाकतो, म्हणून शहाणे लोक बार दुपारी ठेवतात.

काळ्या मातीवरची घरं पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या जमिनीमुळेही तडकतात. खाणमालक नेमकं हेच कारण पुढे करतो आणि गावकऱ्याकडे त्याला उत्तर नसतं. ते उत्तर आधीच तयार ठेवावं लागतं. खाण सुरू व्हायच्या किंवा वाढायच्या आधी घराच्या प्रत्येक भिंतीचे, असलेल्या भेगांचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. बाराच्या वेळेची आधी सूचना मागा. हादरा मोजायचं यंत्र खाणीच्या हद्दीत न ठेवता तुमच्या घराच्या पायाशी ठेवायला सांगा, आणि त्या नोंदीत मिलिमीटरबरोबर हर्ट्झचा आकडा आहे का ते बघा. ५ ते १५ च्या मधला आकडा हर्ट्झशिवाय दिला तर तो मर्यादेत बसतो की नाही हे ठरवताच येत नाही. एका क्षणाला जास्तीत जास्त किती किलो उडवले, हाही आकडा मागा. उडालेला दगड शेतात किंवा अंगणात येऊन पडला तर तो उचलायच्या आधी जागेवरच फोटो घ्या, खाणीपासूनचं अंतर मोजा आणि डीजीएमएसच्या विभागीय कार्यालयाकडे लेखी तक्रार करा.